लायब्ररीत बसून प्रोजेक्ट करायचा तर : गोव्यातल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी

प्रोजेक्टचा विषय मिळाला की बहुतेक मुलं संध्याकाळी मोबाईल उघडतात, समोर येईल ते उचलतात, चार रंगीत चित्रं चिकटवतात आणि फाईल स्पायरल बाइंडिंगला टाकतात. गुणही बऱ्यापैकी पडतात. तेवढंच हवं असेल तर हा लेख वाचायची गरज नाही. पण एखाद्या गोष्टीचा खराच माग काढायचा असेल, पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी अहवाल उलटेपालटे करून, तर गोव्यातल्या मुलांचं नशीब चांगलं आहे. पणजीचं सरकारी ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं. देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते आणि कदंबच्या बसस्थानकावर उतरलात की तिथे चालत जाता येतं.

सुरुवात कशी करायची, कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही, हे सांगण्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो : मिठागरं. रायबंदर, आगरवाडा, चोडण या बाजूची मुलं ती बघत वाढलीत, आणि बाकीच्यांनी निदान बसच्या खिडकीतून तरी पाहिली असतील.

पहिली पायरी : विषयाचा प्रश्न करा

‘गोव्याचा इतिहास’ हा प्रोजेक्ट होऊ शकत नाही. त्यावर लोकांनी जन्म घालवलेत. ‘गोव्यातली मिठागरं’ हे थोडं बरं, तरी अजून ढगळच. त्यात स्थळ घाला, काळ घाला आणि एक ‘का’ किंवा ‘कसं’ घाला. मग होतं असं : ‘तिसवाडी तालुक्यातली मिठागरं १९६१ नंतर कमी का होत गेली?’ तालुका मोठा वाटला तर एकच गाव घ्या. मला विचाराल तर गावच घ्यावं. शिक्षकांना कधी कधी वाटतं की गावाएवढा विषय फार छोटा. त्यांना एक परिच्छेद लिहून दाखवा, पटतं.

प्रश्न चांगला झाला की नाही हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. काम सुरू करण्यापूर्वीच त्याची तीन-चार संभाव्य उत्तरं वहीत लिहिता आली पाहिजेत आणि त्यातलं कुठलंही चुकीचं ठरू शकलं पाहिजे. मिठागरांच्या बाबतीत बघा. लोक म्हणतात, आयोडीनच्या मिठानं गावठी मीठ मारलं. कोणी म्हणतात, आगरात राबायला माणसं मिळेनात. कोणी खनिज वाहणाऱ्या बार्जींना दोष देतात, त्यांच्या लाटांनी बांध फुटले म्हणून. कोणी म्हणतात, जमिनीचे भाव वाढले. चारही उत्तरं शक्य आहेत आणि चारही तपासता येतात. असा प्रश्न हातात असला की पुस्तकातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपोआप कळतं.

उलट, उत्तर आधीच ठरलेलं असेल तर लायब्ररीत जाऊन उपयोग नाही. ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ घेऊन येणारी मुलं सोयीची वाक्यं वेचत बसतात. त्याला शोध म्हणत नाहीत.

मिठागर नको असेल तर आणखी काही : आमच्या गावात मराठी शाळा कोणी आणि कोणत्या साली काढली? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधीच्या (गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावरच्या मतदानाआधीच्या) महिन्याभरात मराठी दैनिकांनी काय काय छापलं? आमच्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या जमिनीच्या, बांधाची डागडुजी पूर्वी कोण करायचं आणि आता कोण करतं? १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, त्यानंतर गोव्यातल्या हिंदू समाजाला शाळा आणि वाचनालयं काढायला मोकळीक मिळाली. तुमच्या गावचं वाचनालय त्या लाटेतलं आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याची निम्मी कागदपत्रं वाचनालयाच्या कपाटातच असतात आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

एक गोष्ट वेळापत्रकाची. मिठागरांचं काम कोरड्या दिवसांतलं. पावसाळ्यात आगरं पाण्याखाली असतात, फोटो काढायला काही मिळत नाही. म्हणून जून ते चतुर्थी हे दिवस लायब्ररीला द्या आणि प्रत्यक्ष आगरावर जाणं जानेवारीनंतर ठेवा. सप्टेंबरातच फाईल द्यायची असेल तर आगर बघण्यावर उभा राहणारा प्रश्न घेऊच नका.

दुसरी पायरी : जवळची लायब्ररी, आणि आधी जाडी पुस्तकं

पहिल्याच दिवशी पणजीत पाटोला, म्हणजे वर सांगितलेल्या सरकारी ग्रंथालयात, धावायचं कारण नाही. शाळेची लायब्ररी, मग गावचं किंवा तालुक्याचं वाचनालय, म्हापशात आताईद म्युनिसिपल लायब्ररी, दक्षिणेतल्या मुलांना नावेलीचं डॉ. फ्रान्सिस्क लुईस गोम्स जिल्हा ग्रंथालय. इथे दोन प्रकारची पुस्तकं मागायची : विश्वकोश आणि गॅझेटियर.

मराठी विश्वकोश इंटरनेटवरही आहे, तरी छापील खंड हातात घ्या. मिठाची नोंद वाचताना शेजारच्या दहा नोंदी दिसतात, त्यातली एखादी कामाची निघते. गॅझेटियर म्हणजे सरकारनं तयार केलेला प्रदेशाचा सविस्तर ग्रंथ. व्ही. टी. गुणे यांनी संपादित केलेलं गोवा, दमण आणि दीव संघप्रदेशाचं गॅझेटियर १९७९ चं आहे, इंग्रजीत आहे आणि गोव्यावरच्या कुठल्याही प्रोजेक्टची सुरुवात त्यातून करता येते. शेती, उद्योग, दळणवळण, लोक अशी प्रकरणं असतात. मराठीत हवं असेल तर बा. द. सातोसकरांचा ‘गोमन्तक : प्रकृती आणि संस्कृती’ हा अनेक खंडांचा ग्रंथ मागा.

ही पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायची नसतात. मागची सूची उघडा. अनुक्रमणिका पुढे असते, सूची मागे. मुलं पुढची बघतात आणि ‘मीठ नाही यात’ म्हणून पुस्तक मिटतात. सूचीत ‘मीठ’ शोधा, जेवढी पानं दिली असतील तेवढीच वाचा आणि वाचताना नवे शब्द, नावं, साल वेगळ्या पानावर उतरवत चला. या टप्प्यावर उत्तर मिळवायचं नाही. पुढे काय शोधायचं त्याची यादी करायची.

तिसरी पायरी : शोधशब्दांची यादी

गोव्यात ही पायरी इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. इथल्या एकाच गोष्टीबद्दल मराठी, कोंकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांत लिहिलं गेलंय आणि संगणकाची सूची तुमच्या मनातलं ओळखत नाही. मिठागरासाठी निदान एवढं टाकून बघा : मीठ, मिठागर, आगर, सॉल्ट, सॉल्ट पॅन, आणि पोर्तुगीजमधले साल, सालीन, मारिन्य. नुसतं ‘आगर’ टाकलंत तर माडा-पोफळीच्या बागांची पुस्तकंही येतील. कुळागरवाले आपले नव्हेत, त्यांना बाजूला ठेवायचं.

गावांच्या नावांचा गोंधळ तर विचारू नका. पोर्तुगीज कागदांत डिचोली ‘बिशोलीं’ अशी भेटते, काणकोण ‘कानाकोना’ होतं, कुडतरीचं ‘कुर्तोरीं’ होतं. तिसवाडीला जुन्या कागदांत ‘इल्यश’ म्हणजे बेटं म्हणतात. मिठागरांवर काम करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तालुक्याची माहिती समोर असून दिसणार नाही.

दोन सापळे खास लक्षात ठेवा. पहिला साष्टीचा. आपली साष्टी दक्षिण गोव्यातली, आणि दुसरी मुंबईची, जिच्यावर ठाणं आणि मुंबईची उपनगरं वसलीत. इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखं असल्यामुळे शोधाच्या निकालात दोन्ही मिसळून येतात, आणि मुंबईकडेही मिठागरं होतीच. म्हणजे चूक कळायचीसुद्धा नाही. दुसरा सापळा ‘गोवा वेल्हा’ आणि ‘वेल्हा गोवा’ यांचा. शब्दांची अदलाबदल झालेली दिसते, पण गावं दोन आहेत : एक जुन्या कदंबकालीन बंदराच्या बाजूचं, दुसरं चर्चेसचं जुनं गोवें.

चौथी पायरी : पाटोची वारी

कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला संस्कृती भवनात आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते कृष्णदास शामा केळोशीचे. त्यांनी १५२६ साली कृष्णचरित्र लिहायला घेतलं. योगायोग असा की त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या जमिनी आणि रूढी यांची सनद काढली, ‘फोराल’ म्हणून जी प्रसिद्ध आहे. खाजन, बांध, मिठागर, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) असा कुठलाही विषय घेतलात तरी त्या सनदेचा उल्लेख कुठेतरी भेटणारच.

जाण्यापूर्वी फोन करून वेळ आणि सुट्टी विचारून घ्या. सोबत शाळेचं ओळखपत्र, आधार कार्डाची झेरॉक्स, मुख्याध्यापकांच्या सहीचं चार ओळींचं पत्र, वही आणि पेन्सिल न्या. पत्र प्रत्येक ठिकाणी मागतीलच असं नाही, पण असलं की जुने खंड बाहेर काढून मिळायला मदत होते. पेन्सिल कशाला, तर जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नको म्हणून. पिशवी बाहेर ठेवावी लागेल, तेव्हा तिच्यात मौल्यवान काही नेऊ नका.

आता ग्रंथपालांशी बोलणं. ‘मॅडम, गोव्यावर पुस्तकं आहेत?’ असं विचारलंत तर त्या रॅककडे बोट दाखवतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. असं विचारून बघा :

‘मॅडम, मी अकरावीत आहे. तिसवाडीतली मिठागरं १९६१ नंतर का कमी झाली हे शोधतोय. गॅझेटियर वाचलं. आता १९६० ते ८० मधले सरकारी अहवाल किंवा सर्व्हे कुठे मिळतील?’

या चार वाक्यांत तुम्ही कोण, प्रश्न काय, आतापर्यंत काय वाचलं आणि आता काय हवं हे सगळं आलं. ग्रंथपाल खुर्चीतून उठतात ते अशा प्रश्नाला. मग त्या जे काही सुचवतील ते सगळं लिहून घ्या, ताबडतोब कामाचं वाटलं नाही तरी.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकानं लावलेली असतात. बहुतेक ठिकाणी ड्यूईची दशांश पद्धत असते : ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, ३३८ म्हणजे उद्योग आणि उत्पादन, ३३३ मध्ये जमीन, ५५३ मध्ये खनिजं, ६६४ मध्ये खाद्यप्रक्रिया, ३९८ मध्ये लोकसाहित्य. आता सांगा, मीठ कुठे असेल? सगळीकडे. मिठाचा व्यापार ३३८ ला, मीठ तयार करायची पद्धत ६६४ ला, पोर्तुगीज काळातले मिठाचे करार ९५४ ला, मिठागरांवरची गाणी ३९८ ला. म्हणून ‘मिठाचा रॅक’ शोधू नका. संगणकावरच्या सूचीत आपली शोधशब्दांची यादी एकेक करून घाला, जे क्रमांक येतील ते लिहा आणि त्या त्या रॅकपाशी जाऊन उभे राहा. हवं ते पुस्तक काढल्यावर त्याच्या डावी-उजवीकडची पाच पाच पुस्तकंही चाळा. इंटरनेटवर हे सुख नाही. आपण जे शोधतो तेच तिथे सापडतं. शेजारचं, जे शोधायचं सुचलंही नव्हतं, ते रॅकवरच हाताला लागतं.

पुस्तक निवडताना मी आधी तीन गोष्टी बघतो : छापल्याचं साल, मागची सूची, आणि लेखक माहिती कुठून घेतली ते सांगतो की नाही. तिसरी गोष्ट नसेल तर पुस्तक वाचायला हरकत नाही, पण प्रोजेक्टचा भार त्याच्यावर टाकू नका. गोव्यावरची पर्यटकांसाठी काढलेली चकचकीत पुस्तकं यातच मोडतात.

एका भेटीत चार पुस्तकांपेक्षा जास्त काढू नका. टेबलावर ढीग लावला की फक्त झेरॉक्स काढली जाते, वाचन होत नाही. झेरॉक्स काढून घरी ठेवलेलं पान बहुधा तसंच राहतं.

पाचवी पायरी : टिपणं

टिपणं नीट असली तर लिहायला दोन दिवस पुरतात. नसली तर शेवटच्या रात्री घरातले सगळे कामाला लागतात.

पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापून घ्या, किंवा वहीचं एक पान एका मुद्द्याला. एका कार्डावर एकच गोष्ट. वर उगम, मध्ये आपल्या शब्दांत मुद्दा, खाली आपला प्रश्न. मिठागरांचं एक कार्ड असं दिसेल :

वर : लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, साल, पान. कोपऱ्यात लायब्ररीचं नाव आणि पुस्तकाचा क्रमांक.

मध्ये : १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार. बारा वर्षांसाठी. गोव्यातलं मीठ पिकवणं आणि विकणं ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेलं. बदल्यात पोर्तुगीज सरकारला दर वर्षी चार लाख रुपये. मुरगावची रेल्वे याच करारातून पुढे आली.

खाली : म्हणजे मिठागरांची पडझड १९६१ च्या आधीपासूनच होती का? करारानंतर आमच्या तालुक्यातली किती आगरं चालू राहिली, हे कुठे मिळेल?

या कार्डावरचा खालचा भाग बघा. प्रश्न ‘१९६१ नंतर का’ असा होता. एका कार्डानं त्याला धक्का दिला. असं झालं तर घाबरू नका, आणि जुना प्रश्न वाचवायला पुरावा लपवू तर मुळीच नका. शिक्षकांना सांगा की वाचनानंतर प्रश्न बदलला, आणि का बदलला. पहिल्या दोन भेटींत प्रश्न जरासुद्धा हलला नाही तर मला उलट शंका येते की मुलानं वाचलंच नाही.

आपल्या शब्दांत लिहायचं म्हणजे कसं, हे कोणी नीट सांगत नाही. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, खिडकीबाहेर बघा, मग लिहा. पुस्तक उघडं ठेवून लिहिलंत तर दोन-चार शब्द बदललेली नक्कल होते. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हात घाला आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. ‘नंतर बघून लिहीन’ म्हटलेला पान क्रमांक नंतर सापडत नसतो.

सहावी पायरी : वर्तमानपत्रं आणि आकडे

१९६१ नंतरच्या कुठल्याही विषयाला जुनी वर्तमानपत्रं लागतातच. मराठीत ‘गोमन्तक’ २४ मार्च १९६२ पासून आहे, ‘नवप्रभा’ १९७० पासून. ‘ओ एराल्द’ १९०० सालचा, पण १९८३ पर्यंत पोर्तुगीज भाषेत निघायचा. घरात किंवा शेजारी कोणी ‘सेगुंद ग्राव’, म्हणजे पोर्तुगीज शाळेची परीक्षा, झालेले आजी-आजोबा असतील तर पोर्तुगीज परिच्छेद त्यांच्यापुढे ठेवा. मोबाईलवरचं भाषांतर अंदाज यायला ठीक, पण जुन्या स्पेलिंगात आणि गोव्यातल्या खास शब्दांत ते गडबडतं. आजोबा गडबडत नाहीत, फक्त त्या ओघात आणखी चार गोष्टी सांगतात. त्याही लिहून घ्या.

वर्षाचा खंड पहिल्या अंकापासून चाळत बसलात तर सुट्टी तिथेच संपेल. आधी महिना ठरवा. मिठाच्या बातम्या हंगामात येतात, अवकाळी पाऊस पडला की येतात, सरकारी निर्णयानंतर येतात. उदाहरणार्थ, आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली ती १९९८ मध्ये. ती २००० मध्ये उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. तेव्हा त्या तीन वर्षांच्या त्या त्या महिन्यांचे अंक आधी मागा. आणि इथेच पहिल्या पायरीतलं एक उत्तर तपासून होतं : तुमच्या गावातलं आगर १९८५ साली बंद पडलं असेल तर १९९८ ची बंदी त्याचं कारण असू शकत नाही, गाव काहीही म्हणो. राज्यात त्याआधीचा काही आदेश होता का तेवढं मात्र बघावं लागेल.

जुना कागद ठिसूळ असतो. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, खंड पालथा ठेवू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण गोव्याच्या आकड्यांत भलेभले फसतात. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. त्याआधीचे सरकारी आकडे पुष्कळदा ‘गोवा, दमण आणि दीव’ असे एकत्र असतात. पोर्तुगीज काळातले ‘एश्तादु द इंदिय’चे, म्हणजे पोर्तुगीजांच्या भारतातल्या सगळ्या मुलखाचे, आकडे असतील तर त्यात दमण-दीव धरलेलं असतं, आणि १९५४ आधी दादरा-नगर हवेलीसुद्धा. एक आकडा एकत्र प्रदेशाचा आणि दुसरा एकट्या गोव्याचा घेऊन तुम्ही आलेख काढलात तर घसरण दिसेल, पण ती मिठाची नसेल, नकाशाची असेल. तक्त्याचं शीर्षक आणि खालच्या तळटिपा आधी वाचा, आकडे मग. पैशांचंही तेच : पोर्तुगीज अमदानीच्या शेवटी शेवटी रुपिया जाऊन एश्कुद आले. वजनं-मापं खंडीत असतील तर तशीच उतरवा आणि किलो कशाच्या आधारानं केले ते लिहा.

गावनिहाय आकड्यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका मागा. गावची लोकसंख्या, जमीन, कोण कशावर पोट भरतं, असं बरंच काही त्यात सापडतं.

इंटरनेट वर्ज्य नाही. भारताचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय फुकट आहे, जुनी छापील पुस्तकं स्कॅन करून ठेवलेल्या साईट्स आहेत. एआय चॅटबॉटला शोधशब्द विचारा, हरकत नाही. पण त्यानं सांगितलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत ते अस्तित्वात आहे असं समजू नका. नसलेल्या पुस्तकाचं नाव, नसलेला लेखक आणि पान क्रमांक ते अगदी आत्मविश्वासानं देतं.

सातवी पायरी : पुराभिलेख आणि माणसं

पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. दियोगु द कौतु हा त्याचा पहिला अधिकारी. तिथे कोमुनिदादींच्या वह्या आहेत, मोडीतले आणि गोयकानडी लिपीतले कागद आहेत. वाचून अंगावर रोमांच येतात, पण शाळकरी प्रोजेक्टसाठी तिथे पहिल्यांदा जाऊ नका. पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येत नसेल तर दिवस फुकट जातो. त्याच कागदांवर काम केलेल्या अभ्यासकांची पुस्तकं आधी वाचा. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे जन्मभर काम केलं. त्यांचा ग्रंथसंग्रह ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. या दोन्ही ठिकाणी शिक्षकांबरोबर, आधी कळवून, नेमकं पुस्तक मनात धरून जावं.

माणसांकडे मात्र जाच, आणि पुस्तकं वाचल्यावर जा. आगरात राबलेल्या काकांना ‘मिठाबद्दल सांगा’ म्हटलंत तर ते ‘आता काय राहिलंय, बाबा’ म्हणून गप्प होतील. ‘काका, मानशीतून (बांधाच्या दारातून) पाणी कधी आत घ्यायचे? मीठ कोण न्यायचं, होडीनं की गाडीनं? शेवटचं पीक कोणत्या चतुर्थीच्या आधीचं?’ असं विचारलं की बोलायला लागतात. साल नेमकं आठवत नसेल तर मुक्तीच्या (१९६१) आधी की नंतर, मांडवीचा पूल पडला त्याच्या आधी की नंतर, अशा खुणा द्या. पूल ५ जुलै १९८६ ला पडला. नाव छापायला परवानगी घ्या, नसेल तर ‘गावातले एक आगरी’ असं लिहा.

लिहिताना

कार्डं जमिनीवर पसरा आणि प्रश्नाच्या संभाव्य उत्तरांप्रमाणे त्यांचे गठ्ठे करा. ज्या गठ्ठ्यात एकच कार्ड आहे तिथे पुन्हा लायब्ररी, किंवा तो मुद्दा सोडा. दोन पुस्तकं एकमेकांच्या विरोधात बोलत असतील तर दोन्ही द्या आणि तुम्हाला कोणतं पटतं, का पटतं ते दोन ओळींत सांगा. ‘प्राचीन काळापासून मीठ मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ असलं पहिलं वाक्य खोडा. सुरुवात थेट प्रश्नापासून करा. प्रस्तावना, ऋणनिर्देश, मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी.

संदर्भांची यादी कार्डांच्या वरच्या ओळींतून तयार होते. फक्त वाचलेलीच पुस्तकं त्यात घाला. यादी लांब दिसावी म्हणून सूचीतली नावं उतरवलेली असली तर ते तोंडी परीक्षेत कळतं. परीक्षक यादीतल्या एखाद्या पुस्तकावर बोट ठेवून ‘यात काय वाचलंस?’ एवढंच विचारतात. म्हणून तोंडीला जाताना फाईलबरोबर कार्डांचा गठ्ठाही न्या, रबर लावून, पुस्तकवार लावलेला.